लपविण्याचा रंग आणि दाखविण्याचे थर

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की सदाशिव पेठेत माती येते. एरवी या पेठेत मूठभर माती शोधायची तर कुंडीत हात घालावा लागतो. पण या दिवसांत पोत्यांतून, घमेल्यांतून आणि सायकलच्या कॅरिअरवरून लाल माती घरोघर पोचते. दगड-विटांचा ढीग, त्यावर भिजवलेली पोती, पोत्यांवर मातीचा गिलावा, उतारावर हळिवाची पेरणी, आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज. पूर्वी हा किल्ला वाड्याच्या चौकात होत असे. वाडे गेले, इमारती आल्या, आता तो दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत होतो. पण होतो, हे महत्त्वाचे.

या किल्ल्यावर मावळे तर असतातच, परंतु पहाऱ्याच्या मावळ्याशेजारी एखादा प्लॅस्टिकचा हिरवा रणगाडाही हटकून उभा असतो. आमच्या लहानपणी वाड्यातली वडील मंडळी हसून विचारीत, "काय रे, महाराजांच्या काळात रणगाडा कुठून आला?" पोरांचे उत्तर तयार असे : "ती राखीव फौज आहे!"

प्रस्तुत लेखाचा विषय म्हणजे हा मावळा आणि ही राखीव फौज. लष्करी प्रतिकृती रंगविताना रंग कसे निवडावेत आणि थरावर थर कसे चढवावेत, याविषयी स्वतःच्या चुकांतून जे शिकलो ते येथे मांडतो आहे. कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात हा पोरखेळ कशाला, असे कुणी म्हणेल. पण मित्रहो, छायाप्रकाश, रंगांचा परस्परविरोध, पोत, माध्यमाचा स्वभाव, जे जे आपण वर्गात शिकतो त्याची तळहाताएवढ्या वस्तूवर जेवढी कठोर परीक्षा होते तेवढी चार फुटी कॅन्व्हासवरही होत नाही. कॅन्व्हासवरची चूक पाहणारा दोन पावले मागे सरून पोटात घालतो. प्रतिकृती मात्र जो तो उचलून डोळ्यांशी नेतो.

दोन परस्परविरोधी कामे

आधी मूळ अडचण समजून घेऊ. सैन्याचा रंग हा दिसण्यासाठी नसतो, लपण्यासाठी असतो. 'खाकी' हा शब्दच 'खाक' म्हणजे धूळ या फारसी शब्दापासून आला. १८४० च्या दशकात वायव्य सरहद्दीवरच्या 'गाइड्स' पथकाने धुळीच्या रंगाचे कपडे अंगावर चढविले, आणि लाल डगल्यांची ऐट हळूहळू मागे पडली.

या लपण्यामागचे शास्त्र एका चित्रकाराने सांगितले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर याच्या निरीक्षणांवर आधारलेला ग्रंथ त्याचा मुलगा जेराल्ड याने १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला मुद्दा असा. आकाशाचा प्रकाश वरून पडतो, म्हणून कोणत्याही प्राण्याची पाठ उजळ आणि पोट काळोखे दिसायला हवे. निसर्ग नेमके उलटे रंगवतो : पाठ गडद आणि पोट फिकट. दोन्ही एकमेकांना खोडतात, शरीराची गोलाई नाहीशी होते आणि प्राणी सपाट होऊन पार्श्वभूमीत मिसळतो. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात जाऊन चिंकारा पाहा. तांबूस पाठ आणि पांढरे पोट असलेले ते हरीण स्थिर उभे राहिले की माळावर शोधूनही सापडत नाही. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रेंच सैन्याने गीराँ द सेव्होला या चित्रकाराच्या हाताखाली तोफा आणि वाहने रंगाने लपविणारे स्वतंत्र पथकच उभे केले. रणगाड्यावरचे हिरवे-तपकिरी पट्टे हा त्याच विचाराचा वंश होय. आकाराची कडा तोडायची आणि घनता नाहीशी करायची.

आता आपले काम पाहा. आपल्याला तोच लपविणारा रंग द्यायचा आहे, परंतु त्याखालचा आकार मात्र पाहणाऱ्याला दिसला पाहिजे. लष्कराचा रंगारी जे खोडतो ते आपण पुन्हा लिहितो. तेही त्याच्या रंगाला खोटे न पाडता. प्रतिकृतीवरच्या साऱ्या थरांचे कारण एवढेच आहे. निसर्गाने चिंकाऱ्यावर जे केले त्याच्या उलट आपण करतो : वरचे पृष्ठ किंचित उजळ, खालचे किंचित गडद, खाचांत छाया आणि कडांवर उजाळा.

डब्यातला खरा रंग खोटा का दिसतो

नवशिक्याची पहिली समजूत अशी असते की, खऱ्या रणगाड्याला जो रंग लावतात तोच मिळवून प्रतिकृतीला लावला की काम झाले. रंग मिळतोही. तयार रंगांच्या छटांसाठी भारतीय मानक क्रमांक ५ आहे. त्यात ऑलिव्ह ग्रीन ही छटा २२० या क्रमांकाने नोंदलेली आहे. तो डबा आणून प्रतिकृतीला लावून पाहा. ती काळी ठिक्कर दिसेल.

याचे कारण प्रमाणात आहे. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत १:३५ हे प्रमाण फार प्रचलित आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचा मोटारीवर चालणारा संच काढला, तेव्हा आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जे आकारमान धरले ते या प्रमाणाच्या आसपास आले; पुढे तोच पायंडा पडला. १:७२ या प्रमाणाचा हिशेब आणखी सोपा आहे : सहा फुटी माणूस म्हणजे एक इंच.

आता सेंच्युरियन रणगाडा घ्या. त्याची रुंदी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे १:३५ मध्ये साधारण ९.७ सेंटिमीटर. ही प्रतिकृती आपण एक वीत-दीड वीत, म्हणजे ३० सेंटिमीटरवरून पाहतो. ३० गुणिले ३५ म्हणजे साडेदहा मीटर. याचा अर्थ, खरा रणगाडा साडेदहा मीटरवर उभा असताना जसा दिसेल तसा तो आपल्याला दिसायला हवा. १:७२ मध्ये हेच अंतर साडेएकवीस मीटरच्या पुढे जाते. अंतर वाढले की मधली धूळ आणि हवा रंगाचा जोर कमी करते, गडद रंग उजळतात, तीव्र रंग मवाळ होतात. पर्वतीवरून सिंहगडाकडे पाहताना दूरची झाडी हिरवी न दिसता निळसर-करडी दिसते, हे आपण निसर्गचित्रात शिकलोच आहोत. दहा-वीस मीटरवर हा परिणाम अर्थातच थोडा असतो. शिवाय खरा रणगाडा उन्हात उभा असतो आणि आपली प्रतिकृती घरातल्या दिव्याखाली. दोन्ही कारणे मिळून मूळ छटा जरा उजळ करून घ्यावी लागते. हौशी मंडळींचा एक ठोकताळा आहे : १:३२ च्या सुमारास सात टक्के, १:४८ ला दहा टक्के, १:७२ ला पंधरा टक्के पांढरा मिसळावा. हा नियम नव्हे, सुरुवात आहे. शेवटचा निवाडा डोळ्यानेच करायचा.

पण पांढराच का मिसळावा? येथे आपल्या रंगपेटीचा अनुभव उपयोगी पडतो. हिरव्यात नुसता पांढरा घातला की तो खडूसारखा, आजारी दिसू लागतो. लष्करी हिरवा उजळायचा तर पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर, आणि त्याबरोबर अगदी थोडा पांढरा घ्यावा. मुळात हा हिरवा करण्यासाठी हिरव्या बाटलीची गरजही नाही. पिवळ्यात काळा थेंबाथेंबाने मिसळत जा, शेवाळी हिरवा आपोआप उभा राहतो. त्यात चिमूटभर तांबडा टाकला की तो तपकिरीकडे झुकतो, निळा टाकला की थंड होतो. मी विद्यार्थ्यांना पहिला आठवडा ब्रश प्रतिकृतीला लावू देत नाही. एका पुठ्ठ्यावर या एकाच हिरव्याच्या बारा छटा करायच्या, खाली प्रमाण लिहायचे, आणि तो पुठ्ठा एकदा उन्हात व एकदा ट्यूबलाइटखाली धरून पाहायचा. बारांपैकी निम्म्या छटा दिव्याखाली बदलतात, हे कळले की पुढची पन्नास पाने वाचण्याची गरज उरत नाही.

मावळ्याच्या रंगाचा विचार थोडा वेगळा आहे. सगळ्या मावळ्यांना एकाच छापाचा गणवेश घालणे ही आजच्या पलटणींवरून सुचलेली कल्पना आहे. सतराव्या शतकातला डोंगरी शिपाई ज्या कापडात वावरत असे त्याचे रंग वनस्पतींतून आणि खनिजांतून येत. नीळ, मंजिष्ठेचा तांबडा, हळदीचा पिवळा, कुसुंब्याचा गुलाबी-केशरी, लोखंडाच्या कसाचा काळा, आणि सर्वांत जास्त म्हणजे न रंगविलेल्या कापसाचा मळकट पांढरा. यांतला हळदीचा आणि कुसुंब्याचा रंग तर उन्हाने लवकर विटतो. म्हणून दहा मावळे रंगवायचे तर पाच पांढुरके, दोन निळसर, दोन तांबूस आणि एखादाच पिवळा असा मेळ धरावा. बाजारातल्या चकचकीत भगव्या-हिरव्या रंगांपेक्षा ही तुकडी कितीतरी खरी दिसते. तिच्यात एखाद्याच नायकाचे मुंडासे ठसठशीत तांबडे ठेवले की डोळा नेमका तिथेच जातो.

पेणच्या कारागिराकडून शिकावे असे काही

थरांची शिस्त शिकण्यासाठी परदेशी पुस्तके धुंडाळण्याआधी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात एक दिवस उभे राहावे. मूर्ती पूर्ण वाळल्याशिवाय तिला रंगाचा हात लागत नाही. आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग त्यावर गडद छटेची फवारणी करून गळा, दंड आणि पोटाची गोलाई उठविणे, मग वस्त्रे, मग दागिने, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. आखणीचे काम कारखान्यातल्या सर्वांत जाणत्या हाताकडे असते. सोंडेची वळणे कितीही सुरेख असोत, नजर चुकली तर मूर्ती चुकली. लहान शिपायाचेही तसेच आहे.

आता आपला क्रम सांगतो.

पहिली गोष्ट सफाईची. प्लॅस्टिकच्या भागांवर साच्याचा तेलकटपणा असतो. साबणाच्या कोमट पाण्याने ते धुऊन सावलीत वाळवावेत. सांध्यांत लांबी भरून, ती वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर ओला करून घासावी. शाडूचा मावळा असेल तर त्याला पातळ डिंकाचा किंवा पांढऱ्या गोंदाचा एक हात द्यावा. नाही तर माती रंग पिऊन टाकते.

दुसरी गोष्ट अस्तराची. करडा प्रायमर सर्वांत बरा; त्यावर उजळ व गडद दोन्ही छटा नीट पारखता येतात. येथे जाडीचा हिशेब डोक्यात ठेवावा. ब्रशने दिलेला हात जर एक दशांश मिलिमीटर जाड झाला, तर १:३५ मध्ये तो साडेतीन मिलिमीटरचा लेप होतो! एवढ्या लेपाखाली रिव्हेट बुजतात आणि चेहऱ्याचे नाक जाते. म्हणून रंग साईसारखा नको, दुधासारखा हवा. एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात, आणि दोन हातांमध्ये पूर्ण वाळण्याइतका धीर.

तिसरी गोष्ट मूळ रंगाची. तो सर्वत्र सारखा न देता वरच्या सपाटीवर ऑकर मिसळलेली उजळ छटा, उभ्या बाजूंवर मूळ छटा आणि पोटाशी, चाकांमागे किंचित गडद छटा द्यावी. प्रकाश कोठे पडतो हे कळत नसेल तर प्रतिकृती एकाच दिव्याखाली धरावी आणि मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. रंग वजा झाला की उजळ-गडदाची चूक लगेच उघडी पडते. ही सोय आमच्या विद्यार्थिदशेत नव्हती. आम्ही डोळे बारीक करून पाहत असू.

चौथी गोष्ट वॉशची. तैलरंगातला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये इतका पातळ करावा की तो कागदावर चहाच्या डागासारखा दिसेल. हा वॉश खाचांत, झाकणांच्या कडेने, रिव्हेटच्या बुडाशी सोडला की आपोआप वाट काढतो आणि छाया होऊन बसतो. शुद्ध काळा वापरू नये; काळ्याने रंग मरतो. बर्न्ट अंबरमधला तांबूसपणा हिरव्याला शमवतो आणि छाया उबदार ठेवतो.

येथे माध्यमांचा स्वभाव ओळखावा लागतो. पोस्टर कलर वाळल्यानंतरही पाण्याने पुन्हा सुटतो. म्हणून त्याच्यावर पाण्याचा दुसरा हात फिरविला की खालचा रंग वर येऊन चिखल होतो. दोन हातांमध्ये पातळ वॉर्निश फवारून ते टाळावे. ॲक्रिलिक एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही, आणि टर्पेंटाइनच्या पातळ वॉशलाही सहसा देत नाही. म्हणून खाली ॲक्रिलिक आणि वर तैलरंगाचा वॉश ही जोडी जमते. खाली एनॅमल असेल तर मात्र तोच वॉश मूळ रंग उचलून नेतो. मध्ये वॉर्निशचा पडदा हवाच. वॉशनंतर निदान एक दिवस थांबावे. पावसाळ्यात तर दोन दिवस. कारण दमट हवेत फवारलेल्या मॅट वॉर्निशवर पांढरट साय धरते आणि पंधरा दिवसांची मेहनत धुक्यात जाते.

पाचवी गोष्ट कोरड्या ब्रशची. आखूड केसांच्या ब्रशला उजळ रंग लावून तो कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून टाकावा, आणि राहिलेली धूळ कडांवरून हलकेच फिरवावी. उंचवटे उजळतात. वॉश आणि कोरडा ब्रश यांची जोडी जगभर पसरविण्यात १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकेतील शेपर्ड पेन आणि बेल्जियममधील फ्रांस्वा व्हर्लिंडन यांचा वाटा मोठा आहे. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी मात्र कोरड्या ब्रशचा अतिरेक केला, आणि रणगाड्यांवर पीठ सांडल्यासारखे दिसू लागले. उजाळा दिसावा, पण दिलेला आहे हे दिसू नये.

ही माती कुठली?

आता माझी फजिती सांगतो. या लेखाचे खरे कारण तीच आहे.

विद्यार्थिदशेत मी १:३५ चा एक सेंच्युरियन रंगविला होता. हिरवा जमला होता, वॉश जमला होता. शेवटी धूळ-माती द्यायची होती. दिवाळी नुकतीच संपलेली, किल्ल्याची लाल माती चौकात पडलेली. ती वस्त्रगाळ करून मी रणगाड्याच्या पट्ट्यांवर, चाकांवर, बाजूंवर लावली. काय सुंदर दिसू लागला म्हणता! वर्गात वाहवा झाली. त्या भरात मी बुरुजावर आणि तोफेच्या नळीवर गंजाचे ओघळही काढले.

आमच्या वाड्यात चिलखती दलातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. १९७१ च्या लढाईत ते शक्करगडच्या बाजूला होते, एवढेच आम्हांला ठाऊक. त्याविषयी ते फारसे बोलत नसत. मी ऐटीत रणगाडा त्यांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, प्रतिकृती उजेडात धरून सावकाश फिरविली.

"रंगवलंयस झकास," ते म्हणाले. "पण ही माती कुठली रे?"

"किल्ल्याची, काका."

"मग हा किल्ल्यावरच लढला म्हणायचा." ते हसले नाहीत. "तिकडची माती अशी लाल नसते. पिवळट, करडी. वाळली की पिठासारखी उडते आणि सगळ्या अंगावर बसते. पापण्यांवरसुद्धा."

मग नळीवरच्या गंजावर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे काय? नळीला गंज? अरे, आम्ही जेवायच्या आधी ती साफ करायचो. ती चालली तर आपण जगणार."

मी खाली मान घालून परत आलो. रात्री वर्गातली पुस्तके काढून बसलो तेव्हा माझी चूक मला दुहेरी कळली. माती चुकली होती हे तर खरेच. दख्खनचा दगड वेगळा, नद्यांनी वाहून आणलेली पंजाबची गाळवट जमीन वेगळी. परंतु चुकीची माती एवढी सुंदर का दिसली? त्याचे उत्तर शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच देऊन ठेवले आहे. गोब्लँ येथील गालिचांच्या कारखान्यात रंगविभाग सांभाळताना त्याला दिसले की, शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात, आणि तांबडा व हिरवा यांसारखे विरोधी रंग एकमेकांना अधिक पेटवतात. माझी लाल माती त्या हिरव्याला पेटवीत होती. म्हणजे मी रणगाडा रंगविला नव्हता. रंगचक्रातला एक धडा गिरवून त्याला रणगाड्याचे नाव दिले होते.

तेव्हापासून एक नियम पाळतो. धूळ लावण्याआधी त्या प्रदेशाची माती कोणत्या रंगाची, हे विचारावे. पुण्याभोवतीची काळी जमीन, कोकणचा तांबडा जांभा, राजस्थानची वाळू आणि पंजाबचा गाळ यांच्या चार बाटल्या वेगळ्या असाव्यात. घरच्या घरी त्या होतात : गेरू, पिवडी, काजळी, सफेदा आणि खडूची पूड कमीअधिक मिसळून. करडी-पिवळट धूळ हिरव्याला पेटवत नाही, विझवते. वर्गात तिची वाहवा होत नाही. पण ती खरी असते.

थरांचा क्रम म्हणजे काळाचा क्रम

दफेदारकाकांच्या दुसऱ्या वाक्यातून आणखी एक गोष्ट उमगली. प्रत्येक खुणेला कारण असते. पट्ट्याचा जो भाग जमिनीला घासतो तो चकाकतो आणि बाजूचा तपकिरी पडतो. दल जेथे पाय देऊन चढते तेथे रंग झिजतो. इतरत्र ओरखडे काढण्याचे कारण नाही. चिखल खाली दाट आणि वर विरळ. धूर असेल तो निकासाच्या नळीपाशी.

आणि या खुणांना क्रमही असतो. आधी रंग लागला, मग तो झिजला, मग त्यावर धूळ बसली, मग नदीच्या पात्रातला ओला चिखल उडाला. प्रतिकृतीवरही थर याच क्रमाने द्यावेत. धुळीच्या वर ओरखडा काढला तर तो नुकताच, आज सकाळी पडलेला ठरतो. तसा तो पडला असेल तरच काढावा. म्हणून ब्रश उचलण्यापूर्वी ठरवावे की आपण कोणता दिवस आणि कोणती वेळ रंगवतो आहोत. एका प्रतिकृतीवर एकच क्षण.

हा केवळ तंत्राचा मुद्दा नाही. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ मध्ये उभारलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे सेंच्युरियन, विजयंता, पॅटन प्रत्यक्ष पाहता येतात. आपल्या सहली वेरूळ-अजिंठ्याला जातात तशी एक तेथेही जावी. सेंच्युरियनसमोर उभे राहिले की पोलादाची जाडी कळते, आणि ते पोलादही फुटते हे आठवते.

पुण्याचे नाव धारण करणारी 'पूना हॉर्स' ही पलटण १८१७ मध्ये उभी राहिली. तिचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यातच जन्मले. जून १९७१ मध्ये ते पलटणीत दाखल झाले आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी शक्करगड भागातील बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले. त्यांच्या सेंच्युरियनचे नाव 'फामागुस्ता'. रणगाड्याला आग लागली, तो सोडून देण्याची आज्ञा झाली. तोफ अजून चालते आहे असे कळवून ते लढत राहिले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले तेव्हा त्यांचे वय एकवीस होते, असे आपण वाचतो आणि पुढे जातो. एकवीस म्हणजे आपल्या शेवटच्या वर्षाच्या वर्गाचे वय.

'फामागुस्ता'ची प्रतिकृती करावी असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटले तर तो काय रंगवील? माझा सल्ला विचाराल तर, १६ तारखेची सकाळ रंगवावी. पिवळट-करडी धूळ, खालच्या बाजूला चिखल, पुसून लखलखीत ठेवलेली तोफ, आणि बुरुजावर पाय देऊन चढल्याने झिजलेली एक कड. जळाल्याची काजळी, फाटलेले पोलाद, ओघळणारा गंज यांत हात दाखविण्याची संधी पुष्कळ आहे. पण तेथे हात दाखवायचा नसतो. पाहणाऱ्याला त्या झिजलेल्या कडेवरून कळावे की येथून कुणी तरी आत उतरले. तेवढे साधले तर बाकीचे तो स्वतः जाणतो.

माझ्या त्या सेंच्युरियनवरची लाल माती मी दुसऱ्याच दिवशी ओल्या ब्रशने काढली. सगळी निघाली नाही. वॉशमध्ये मिसळून ती सांध्यांत बसली होती. गंजाचे ओघळ घासून मूळ हिरवा पुन्हा दिला, त्यावर पिवडी-काजळीची धूळ दिली, आणि पंधरा दिवसांनी तो पुन्हा काकांकडे नेला. त्यांनी तो खिडकीत ठेवला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा राहू दे इथं." तो त्यांच्याकडेच राहिला.

या दिवाळीत इमारतीतली पोरे किल्ला करतील, तेव्हा तुम्ही त्यांना एकच मावळा मागून घ्या आणि वर सांगितलेल्या क्रमाने रंगवून परत द्या. अंगरख्याला न रंगविलेल्या कापसाचा पांढरा, घड्यांत अंबरचा वॉश, मुंडाशाला विटका तांबडा, आणि शेवटी डोळे. त्याच्या पायांवर मात्र खुशाल लाल माती लावा. ती तेथलीच आहे.